कॅलिपरचा बोल्ट : नमुना नेला, तसाच आणला, तरी बसत नाही

मानेवाडा_दुचाकी

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची १५० सीसीची मोटारसायकल आहे. मागच्या रविवारी रामटेकहून परत येत असताना समोरचा ब्रेक दाबला की खालून 'टक्' असा एक आवाज येऊ लागला. घरी येऊन पाहिले, तेव्हा डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅडने डिस्क दाबून धरणारा भाग) शॉकअपच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉटमला, म्हणजे खालच्या नळीला, ज्या दोन बोल्टांनी धरलेला असतो, त्यांतला वरचा बोल्ट बोटांनी हलत होता. तो काढल्यावर त्याच्या आट्यांत चांदीसारखा बारीक चुरा अडकलेला दिसला आणि डोक्याखाली एकावर एक असे दोन वायसर निघाले.

तोच बोल्ट नमुना म्हणून खिशात घालून मी नागपूरच्या इतवारीत, लोखंडी सामानाच्या लोहाओळीत गेलो. दुकानदाराने त्याच्यावर एक नट फिरवून पाहिला, "दहा एमएम आहे" असे म्हणाला आणि तीन प्रकार समोर ठेवले : पिवळसर मुलाम्याचा, डोक्यावर ८.८ असे कोरलेला. काळा अ‍ॅलन बोल्ट, त्यावर १२.९, आणि चकचकीत स्टेनलेस. मी ८.८ चा घेतला. जुना बोल्ट २५ मिलिमीटर लांब होता, मी ३० चा घेतला, कारण लांब बोल्ट जास्त पकड घेईल असे मला वाटले. तो हाताने पाच-सहा फेरे अगदी सैल जातो आणि मग एकदम अडतो.

माझे प्रश्न दोन आहेत. पान्याने जोर लावून तो पुढे नेणे योग्य होईल का? आणि मी तिघांपैकी योग्य बोल्ट निवडला आहे का?

हिंगणा_टूलरूम

आधी एक विनंती : पाना खाली ठेवा आणि तो बोल्ट जसा आत गेला तसाच हाताने उलटा फिरवून बाहेर काढा. हिंगण्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये माझी नोकरी झाली आणि 'थोडा जोर लावला' या तीन शब्दांपायी बाद झालेले अ‍ॅल्युमिनियमचे भाग मी पुष्कळ पाहिले आहेत.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे ते दोन वायसर. कॅलिपरच्या बोल्टाखाली कारखान्यातून एकावर एक दोन वायसर येत नाहीत. बोल्ट आत जाता जाता मध्येच अडला, डोके कॅलिपरच्या कानापर्यंत (बोल्टाचे छिद्र असलेल्या भागापर्यंत) पोहोचेना, म्हणून मधली फट भरायला कोणीतरी ते घातले असावेत, असा माझा अंदाज आहे. म्हणजे जो बोल्ट तुम्ही नमुना म्हणून दुकानात नेला, तोच मुळात चुकीचा असावा. दुकानदाराने नमुन्याशी जुळणारा माल दिला. त्याची काही चूक नाही.

आता खालचा बोल्ट काढा. त्याला पाना कितीचा लागतो आणि वरच्याला कितीचा लागतो, हे लिहून कळवा. आपल्याकडे मिस्त्री बोल्टाला पान्याच्या नंबराने ओळखतात. 'दहा नंबरचा बोल्ट' म्हटले की मिस्त्रीच्या मनात ज्याच्या डोक्याला दहाचा पाना बसतो तो बोल्ट असतो, आणि त्याच्या आट्याचा व्यास बहुधा ६ मिलिमीटर असतो. लोहाओळीतल्या दुकानदाराच्या मनात मात्र दहा म्हणजे आट्याचा व्यास. पाना डोके मोजतो, बोल्ट मोजत नाही. एम १० च्या, म्हणजे आट्याचा व्यास १० मिलिमीटर असलेल्या, बोल्टाला जपानी प्रमाणाप्रमाणे १४ चा पाना लागतो, जुन्या जर्मन डीआयएन प्रमाणाप्रमाणे १७ चा, आणि आयएसओ प्रमाणाप्रमाणे १६ चा. एम ८ ला जपानी पद्धतीत १२ आणि युरोपीय पद्धतीत १३. जपानी धाटणीच्या गाडीवर एका बोल्टाला १४ आणि त्याच्या जोडीदाराला १७ लागत असेल, तर त्यांतला एक पाहुणा आहे असे समजा.

दुसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट पिचची, म्हणजे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतच्या अंतराची. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या जाड आट्याच्या बोल्टांचा हिशेब पाठ करायला सोपा आहे : सहाला एक, आठला सव्वा, दहाला दीड, बाराला पावणेदोन. पण मोटारसायकलवर १० मिलिमीटरचे बोल्ट बऱ्याचदा बारीक आट्याचे, म्हणजे सव्वाच्या पिचचे असतात. दीडचा बोल्ट सव्वाच्या छिद्रात सुरुवातीला दोन-तीन फेरे जातो, माणसाला वाटते बसला, आणि मग फेऱ्यागणिक पाव मिलिमीटरची चूक साचत जाऊन तो जाम होतो. त्यापुढे पान्याने रेटला की पोलादाचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे आटे कापत पुढे जातात. तुम्हाला दिसलेला चांदीसारखा चुरा तोच असावा. हाताला तो बोल्ट भरपूर घट्ट लागतो, पण तो घट्टपणा आट्यांच्या भांडणाचा असतो, कॅलिपर दाबून धरल्याचा नसतो. ब्रेकच्या धक्क्यांनी तो सुटणारच.

पिच मोजायला गेज नसेल तरी अडत नाही. साधा ८ मिलिमीटरचा बोल्ट घरात कुठेतरी सापडेलच. त्याचे आटे सव्वाचे असतात. तो तुमच्या १० मिलिमीटरच्या बोल्टाला आडवा टेकवा आणि दोघांना उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत पूर्ण लांबीभर बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तर पिच सव्वा. दोन-तीन आट्यांनंतर फट दिसू लागली, तर नाही. पडताळा हवा असेल तर व्हर्निअरने दहा पिचांचे अंतर मोजा : १२.५ मिलिमीटर आले तर सव्वा, १५ आले तर दीड. बोल्ट आखूड असल्यास पाच पिच मोजून दुप्पट करा.

लांबी, डोके आणि मजबुती यांबद्दल तुमची मापे आल्यावर लिहितो. तोवर गाडी चालवू नका. एका बोल्टावर लटकलेला कॅलिपर ब्रेक लावताना वळतो आणि डिस्कबरोबर फिरायला पाहतो. मग चाक अडकू शकते.

वाडी_नाका

मी माझ्या गाडीवर सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट लावले आहेत. पावसाळ्यात गंज येत नाही आणि दिसायलाही उत्तम. या दादांनी स्टेनलेस घेतला असता तर बरे झाले असते असे वाटते. आणि छिद्राचे आटे गेलेच असतील, तर छिद्र मोठे करून १२ चा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारून १२ चा बोल्ट टाकता येईल. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीने एका गाडीवर तसे केलेले आहे.

मानेवाडा_दुचाकी

काका, आपण सांगितल्याप्रमाणे खालचा बोल्ट काढला. त्याला १४ चा पाना लागला, वरच्याला १७ चा. खालच्याला डोक्यासोबतच गोल कॉलर आहे, वरच्याला नाही. व्हर्निअरने व्यास दोघांचाही जवळजवळ सारखा आला : खालचा ९.८५, वरचा ९.८. नुसता व्यास मोजून मी थांबलो असतो तर दोन्ही एकच समजून बसलो असतो.

मग घरच्या कूलरच्या स्टँडचा ८ चा बोल्ट काढला आणि बाल्कनीत उजेडात धरून पाहिले. खालच्या बोल्टाशी तो इतका घट्ट जुळला की दोघांच्या मधून उजेडाची रेघसुद्धा दिसली नाही. वरच्या बोल्टाशी तिसऱ्या आट्यापासूनच फट. दहा पिच मोजले, खालच्याचे १२.५ भरले. वरच्याचे पाच मोजले, ते साडेसात.

खालचा बोल्ट डोक्याखालून ३० मिलिमीटर आहे. कॅलिपरच्या कानाची जाडी १२ मिलिमीटर आणि दोन वायसर मिळून ४ मिलिमीटर. छिद्र आरपार आहे, चाकाच्या बाजूने टोक दिसते.

आणि आता आठवले. दोन-अडीच वर्षांपूर्वी हायवेवर समोरचा टायर बदलावा लागला होता. त्या ठिकाणी कॅलिपर काढून तारेने लटकवलेला मी पाहिला होता. एक बोल्ट गवतात हरवला आणि दुसरा शोधून लावला, असे तिथला मुलगा म्हणाला होता. मी त्या वेळी लक्ष दिले नाही.

हिंगणा_टूलरूम

मापे अगदी नीट घेतलीत. आता हिशेब बघा. वरचा बोल्ट २५ चा, त्यातून कान १२ आणि वायसर ४ वजा केले की बॉटममध्ये उरले ९ मिलिमीटर, म्हणजे दीडच्या पिचने सहा फेरे. तुमचा नवा बोल्टही 'पाच-सहा फेरे सैल, मग अडतो'. म्हणजे तोंडाकडचे ९ मिलिमीटर आटे दीडच्या बोल्टाने बिघडवले आहेत आणि त्याच्या पलीकडे कारखान्याचे सव्वाचे आटे अजून शाबूत आहेत.

खालचा मूळ बोल्ट ३० चा, त्याचे १८ मिलिमीटर बॉटमच्या आत जातात. अ‍ॅल्युमिनियममध्ये आट्यांची पकड बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असावी असा आमचा दंडक होता, म्हणजे १० च्या बोल्टाला १५ ते २० मिलिमीटर. तुमच्याकडे आता वरच्या छिद्रात त्यातले निम्मेच चांगले उरले आहेत. दुसऱ्या एखाद्या भागाला मी ते चालवून घेतले असते, समोरच्या ब्रेकला नाही. तेव्हा नुसता योग्य बोल्ट आणून काम भागणार नाही, छिद्रही दुरुस्त करावे लागेल.

त्यासाठी योग्य उपाय तारेच्या इन्सर्टचा. बाजारात त्याला हेलिकॉइल म्हणतात. खराब आटे ड्रिलने काढतात, त्याच्या खास टॅपने थोडे मोठे आटे पाडतात आणि त्यांत स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवतात, जिच्या आतल्या बाजूला पुन्हा एम १० आणि सव्वाचेच आटे मिळतात. मूळचाच बोल्ट वापरता येतो आणि पकड मूळच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी पडत नाही, उलट चांगलीच असते. मात्र इन्सर्ट मागताना 'दहाचा' एवढेच म्हणू नका. 'दहा, सव्वा' म्हणा, नाहीतर दीडचा हातात येईल आणि सगळे रामायण पुन्हा पहिल्यापासून. काम चाक आणि बॉटम सोडवून, बॉटम नीट पकडून, ड्रिल सरळ धरून झाले पाहिजे. छिद्र तिरपे झाले तर कॅलिपर डिस्कला समांतर बसणार नाही.

वाडीच्या भाऊंना उत्तर देतो. १२ चे छिद्र पाडले तर बॉटमच्या कानाची भिंत पातळ होते, शिवाय कॅलिपरच्या कानातले छिद्रही मोठे करावे लागते. दोन्हीकडचे कान कमजोर करून बोल्ट जाड करण्यात काय मिळवले? त्या मिस्त्रीचे काम टिकले असेल तर चांगलेच आहे, पण मी सुचवणार नाही. आर्गन वेल्डिंगने भरून पुन्हा टॅप मारण्याचाही सल्ला कोणी देईल. त्या उष्णतेने बॉटमचा आकार किंचित वाकडा होण्याची आणि आतल्या बुश-सीलचे वाटोळे होण्याची धास्ती असते.

स्टेनलेसबद्दल थोडे सविस्तर, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. पोलादी बोल्टावरचे ८.८ हे दोन आकडे वाचायला शिका. पहिल्याला शंभरने गुणले की तुटण्याची ताकद मिळते : दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून दहाने गुणले की बोल्ट कायमचा ताणला जाण्याची मर्यादा मिळते : ८ गुणिले ८ गुणिले १०, म्हणजे ६४०. याच रीतीने १०.९ चे १००० आणि ९००, १२.९ चे १२०० आणि १०८०. स्टेनलेसवर बहुधा ए२-७० असे लिहिलेले असते. त्यातला ७० म्हणजे तुटण्याची ताकद ७००, पण ताणले जाण्याची मर्यादा फक्त ४५०. म्हणजे ८.८ च्या तुलनेत जवळपास तीस टक्के कमी. चकाकी आणि ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्यात एकत्र राहिले की गंज अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला येतो, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट काढताना आटे सोबत घेऊन निघतो. नंबर प्लेट, मडगार्ड, साइड पॅनल यांना स्टेनलेस खुशाल लावा. ब्रेक, चाकाचा अ‍ॅक्सल, हँडल आणि इंजिनाचे माउंटिंग यांपासून ते दूर ठेवा.

मग १२.९ का नाही, असे कोणाच्याही मनात येईल. कारण येथे कमजोर कडी बोल्टाची नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांची आहे. बोल्ट कितीही ताकदवान आणला तरी ताण येईल तेव्हा तुटतील ते आटेच. शिवाय काळा १२.९ एका पावसाळ्यात तांबूस होतो, म्हणून लोक तो स्थानिक प्लेटिंगवाल्याकडे जस्ताचा मुलामा द्यायला नेतात. आम्लात धुताना आणि मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो. इतके कठीण पोलाद त्यानंतर लगेच भट्टीत नीट तापवून तो बाहेर काढला नाही, तर घट्ट केलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी, कसलीही सूचना न देता तुटू शकतो. मी असा बोल्ट टेबलावर पडलेला पाहिला आहे : डोके एकीकडे, दांडा एकीकडे, आणि खोलीत कोणी हातही लावलेला नव्हता.

लांबीचेही तुमचे गणित सुधारतो. बोल्टाची लांबी डोक्याखालून टोकापर्यंत मोजतात. फक्त खोलगट बसणाऱ्या चपट्या डोक्याच्या स्क्रूची डोक्यासकट. 'जास्त लांब, जास्त पकड' हे आरपार छिद्रात एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, कारण पलीकडे डिस्क फिरते आहे आणि जादा टोक तिला घासू शकते. छिद्र बंद असते तर टोक तळाला टेकून बोल्ट घट्ट वाटला असता आणि कॅलिपर मात्र सैल राहिला असता. मूळ ३० तर ३०च.

खरे सांगायचे तर या जागेसाठी मी लोहाओळीत जाणारच नाही. कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत गाडीच्या मॉडेलप्रमाणे त्या बोल्टाचा क्रमांक असतो, तो घेऊन अधिकृत दुकानातून मागवा. होंडासारख्या कंपनीच्या क्रमांकांत तर माप स्वतःच लिहिलेले असते : ९५७०१-०६०२० म्हणजे कॉलरचा बोल्ट, व्यास ६, लांबी २०. असा क्रमांक असेल तर तो सर्वसाधारण बोल्ट आहे. पण ९० ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर तो त्या जागेसाठीच घडवलेला खास बोल्ट, आणि त्याला बाजारातला पर्याय शोधू नये; त्याच्या दांड्याचा काही भाग बिनआट्याचा असू शकतो किंवा आट्यांवर कारखान्यातच चिकट लेप दिलेला असतो.

महालातली_जुनी_बुलेट

विषय बदलत नाही, पण काकांच्या 'पाना डोके मोजतो' या वाक्यावर राहवले नाही. माझ्याकडे जुनी, इंग्रजी आट्यांची बुलेट आहे. तिच्यासाठी वापरतात त्या व्हिटवर्थ पान्यांवरचा आकडा डोक्याचा नसतो, बोल्टाच्या व्यासाचा असतो. त्यामुळे आमच्याकडे गोंधळाची उलटी बाजू आहे.

अशी गाडी असणाऱ्यांनी एक सापळा लक्षात ठेवावा. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो, म्हणजे व्हर्निअरवर तो ८ चा वाटतो. त्यात तो सायकल थ्रेडचा असेल तर इंचाला २६ आटे, म्हणजे पिच ०.९७७. बारीक आट्याचा एम ८ एकच्या पिचचा असतो. काकांनी सांगितलेली उजेडाची परीक्षा येथे चार-पाच आट्यांवर घेतली तर फसवते, कारण तेवढ्या लांबीत फरक डोळ्याला दिसतच नाही; वीस-पंचवीस आट्यांच्या लांब बोल्टावर घ्यावी लागते. मी तसा एक मेट्रिक बोल्ट तेलाच्या टाकीच्या खाली नटमध्ये अर्धा घालून बसलो होतो. शेवटी नट कापावा लागला.

मानेवाडा_दुचाकी

सर्वांचे मनापासून आभार. झाले ते लिहितो, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

बोल्टाचा क्रमांक खास प्रकारचाच निघाला. अधिकृत दुकानाने चार दिवसांत दोन नवे बोल्ट मागवून दिले. दोन्ही मिळून तर्री-पोह्याच्या दोन प्लेटच्या आसपास पैसे पडले. एवढ्यासाठी मी दोन फेऱ्या इतवारीच्या केल्या होत्या, त्याही ४४ अंशांच्या उन्हात. नव्या बोल्टाच्या आट्यांवर निळसर लेप आहे आणि डोक्यावर १०.९ कोरलेले आहे. म्हणजे मी आणलेला ८.८ पिच जुळला असता तरी मूळच्यापेक्षा कमीच ठरला असता.

इन्सर्टचे काम एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये करून घेतले. मी 'दहा, सव्वा' म्हणालो तेव्हा कारागिराने मान वर करून पाहिले आणि "मोजून आणलंय वाटते भाऊ" असे म्हणाला. त्याने बॉटम मशीनच्या टेबलावर बांधून ड्रिल केले, गुंडाळी बसवल्यावर तिची आडवी शेपटी तोडून काढली आणि नवा बोल्ट माझ्याच हाताने फिरवायला लावला. तो अठरा मिलिमीटर बोटांनी गेला, कुठेही न अडता. तेव्हा कळले की योग्य बोल्ट आत जाताना हाताला कसा लागतो.

घट्ट करताना सर्व्हिस पुस्तिकेतला आकडा पाहून टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच घट्ट करणारा) वापरला. एकच शंका : आट्यांवर लेप असताना आणखी थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) किंवा ग्रीस लावायचे नाही ना?

हिंगणा_टूलरूम

दोन्ही नाही. लेप आहे तोच थ्रेडलॉक. ग्रीस तर मुळीच नको. आटे तेलकट झाले की त्याच टॉर्कवर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, पुस्तिकेतला आकडा मग लागू राहत नाही, आणि डिस्कवर थेंब उडाला तर पॅड वाया. पुढच्या वेळी हे बोल्ट काढाल तेव्हा लेप गेलेला असेल. पुस्तिकेत नवे घालायला सांगितले असेल तर नवेच घाला.

आता पांढऱ्या ऑइल पेंटने बोल्टाच्या डोक्यावरून कॅलिपरच्या कानावर उतरणारी एक बारीक रेघ ओढून ठेवा. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल, गाडी पुसता पुसता कळेल.

मानेवाडा_दुचाकी

ओढली. आज रामटेकला जाऊन आलो, रेघ जागेवर आहे. खालच्या बोल्टावर ओढायची राहिली होती, ती आत्ता ओढतो.